भेसळीतून निघालेली तारीख

अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात, कॅनडाच्या हद्दीजवळ, चीफ माउंटन नावाचा एक सुटा डोंगर आहे. त्याचे वरचे कडे १४० ते १५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकाचे आहेत. पायथ्याचा शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) मात्र क्रिटेशस काळातला, म्हणजे त्यापेक्षा सव्वाशे कोटी वर्षांहून जास्त तरुण. गाळाचे थर साचतात तेव्हा जुना थर खाली आणि नवा वर, हा साधा नियम. इथे सगळंच उलटं दिसतं.

याचं उत्तर भूवैज्ञानिकांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिळालं. पश्चिमेकडून आलेल्या रेट्याने जुन्या खडकाची काही किलोमीटर जाडीची लादी मुळापासून सुटली, नव्या खडकांवर चढली आणि पूर्वेकडे ८० किलोमीटरपेक्षा जास्त सरकत गेली. नंतर नद्या आणि हिमनद्यांनी ती लादी कोरून काढली, आणि चीफ माउंटन हा तिचा मागे राहिलेला तुकडा. ज्या पातळीवरून ही लादी सरकली तिला लुईस थ्रस्ट म्हणतात. १९०२ साली बेली विलिस यांनी हे नाव दिलं. काय घडलं हे असं बऱ्यापैकी स्पष्ट होतं. कधी घडलं, हा प्रश्न पुढे जवळजवळ शतकभर अंदाजावरच चालला.

खडक फुटून त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकल्या की त्या भेगेला शाळेच्या भूगोलात प्रस्तरभंग म्हणतात. बोलताना सगळे फॉल्टच म्हणतात. त्याची वेळ ठरवण्याची जुनी पद्धत अशी की फॉल्टने कोणता सगळ्यात तरुण खडक कापलाय ते बघायचं. सरकणं त्यानंतरचं. मग त्या फॉल्टवर न तुटता पसरलेला सगळ्यात जुना थर शोधायचा. सरकणं त्याच्या आधीचं. पद्धत चोख आहे, पण अनेकदा या दोन टोकांमध्ये दोन-तीन कोटी वर्षांची फट उरते, आणि वरचा थर झिजून गेला असेल तर दुसरं टोकच हाताला लागत नाही. दख्खनच्या पठारावर हीच अडचण येते. इथल्या बेसॉल्टचे थर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, त्यामुळे त्यांना कापणारा कोणताही फॉल्ट त्यानंतरचा, एवढं कुणीही सांगेल. नंतरचा म्हणजे ६ कोटी वर्षांपूर्वीचा की कालपरवाचा, ते त्यावरून कळत नाही.

मग थेट फॉल्टमधल्याच एखाद्या पदार्थाचं वय का काढू नये?

खोलवरच्या फॉल्टसाठी ते करतातच. दहा-पंधरा किलोमीटरच्या खाली खडक इतका तापलेला असतो की सरकताना तो फुटत नाही, ताणला जातो आणि त्यातली खनिजं नव्याने स्फटिक बनतात. जुनी ओळख पुसली जाते आणि वयाची मोजणी शून्यापासून सुरू होते. वरच्या काही किलोमीटरमध्ये हे होत नाही. तिथे खडक थंड आणि ठिसूळ. फॉल्ट सरकला की तो दळला जातो. भेगेच्या मधोमध राखाडी, हिरवट किंवा काळपट, हाताला गुळगुळीत लागणाऱ्या मऊ चुऱ्याचा पट्टा तयार होतो. कधी बोटभर जाड, कधी काही मीटर. भूवैज्ञानिक त्याला गाऊज म्हणतात. ताजा असेल तर सुरीने कापून काढता येतो. या चुऱ्यात दळल्या गेलेल्या जुन्या खडकाची भुकटी असते, आणि तिच्यातच सरकण्याच्या काळात जन्मलेली काही नवी खनिजं असतात. दोन्ही एकत्र मिसळलेली, आणि इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखताही येत नाहीत.

नवी खनिजं जन्मतात ती पाण्यामुळे. दळलेल्या खडकाचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो, भेगेतून कोमट पाणी झिरपत राहतं, आणि फेल्स्पारसारखी (ग्रॅनाइटसारख्या खडकांत नेहमी सापडणारी) खनिजं विरघळून त्यांच्या जागी चिकणमातीची खनिजं बनू लागतात. त्यातलं एक आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या स्मेक्टाइट या खनिजामुळे. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि निघून जातं. हेच स्मेक्टाइट काही किलोमीटर खोलीवर, शंभर-दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास, पोटॅशियम असलेल्या पाण्यात राहिलं तर हळूहळू बदलतं. पापुद्र्यांमधलं पाणी बाहेर पडतं, त्या जागी पोटॅशियम घट्ट बसतं आणि फुगणं थांबतं. या नव्या खनिजाचं नाव इलाइट. अभ्रकाचा हा बारीक, कमी नीटनेटका भाऊबंद. फॉल्टच्या चुऱ्यात स्मेक्टाइट आणि इलाइट यांचे पापुद्रे एकाआड एक रचलेली मिश्र खनिजंही खूप सापडतात.

पोटॅशियम आलं की वय काढायची सोय झाली. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे एखादाच अणू पोटॅशियम-४० असतो, आणि तो किरणोत्सारी असतो. १२५ कोटी वर्षांत त्यातले निम्मे अणू बदलतात. बदलणाऱ्या शंभरातले सुमारे ८९ कॅल्शियम-४० होतात. ते उपयोगाचे नाहीत, कारण तसलं कॅल्शियम खडकात आधीच ढीगभर असतं. उरलेले ११ अरगॉन-४० होतात. अरगॉन हा कुणाशीही संयोग न करणारा वायू, त्यामुळे नवीन स्फटिक बनताना त्यात तो जवळजवळ नसतोच. नंतर जो तयार होतो तो थंड स्फटिकात अडकून राहतो. किती पोटॅशियम आहे आणि किती अरगॉन साठलाय हे मोजलं की स्फटिक कधी बनला ते निघतं. हवेतही जवळपास एक टक्का अरगॉन असतो आणि चिकणमातीला तो चिकटतो, पण हवेतल्या अरगॉन-४० आणि अरगॉन-३६ यांचं प्रमाण ठरलेलं आहे. त्यावरून हवेचा वाटा वजा करता येतो.

आता मूठभर गाऊज घेतला, त्याचं असं वय काढलं आणि ९ कोटी वर्षं आलं, तर फॉल्ट ९ कोटी वर्षांपूर्वी सरकला असं म्हणता येईल का? अजिबात नाही. त्या मुठीत दळलेल्या जुन्या अभ्रकाचे कण आहेत, त्यांच्यात कित्येक कोटी वर्षांचा अरगॉन साठलाय. आणि नवं इलाइटही आहे. यंत्राने सांगितलेला आकडा हा दोघांचा सरासरी काढलेला आकडा. त्या वयाला प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसतं. सुरुवातीच्या काळात अशा आकड्यांवरून भराभर निष्कर्ष काढले गेले आणि त्यामुळे ही पद्धत काही काळ बदनामही झाली. मला वाटतं तो संशय रास्तच होता.

भेसळ काढून टाकता आली तर प्रश्न सुटला असता. पण कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा लहान असताना चिमट्याने निवडायचं काय? सुटका दुसऱ्याच बाजूने झाली. भेसळ काढायची नाही, ती मोजायची.

समजा, आजी-आजोबा आणि नातवंडं अशा दोनच प्रकारच्या प्रवाशांनी भरलेल्या तीन बस आहेत. कुणालाही वय विचारायची परवानगी नाही. फक्त प्रत्येक बसचं सरासरी वय आणि त्या बसमध्ये शेकडा किती आजी-आजोबा आहेत एवढंच कळतं. पहिल्या बसमध्ये ५० टक्के आजी-आजोबा, सरासरी वय ४०. दुसरीत २५ टक्के, सरासरी २५. तिसरीत १० टक्के, सरासरी १६. हे तीन बिंदू कागदावर मांडले की एका रेषेत येतात. ती रेषा शून्य टक्क्यांपर्यंत खाली नेली तर १० येतात: नातवंडांचं वय. शंभर टक्क्यांपर्यंत वर नेली तर ७०: आजी-आजोबांचं. फक्त नातवंडांनी भरलेली बस कुठेच नव्हती, तरी त्यांचं वय निघालं.

फॉल्टच्या चुऱ्यावर हाच हिशेब करतात. त्यासाठी एकाच नमुन्यातून कमी-जास्त भेसळीचे तीन-चार वाटे करावे लागतात, आणि ते काम कणांच्या आकारावर सोपवता येतं. दळलेले जुने अभ्रकाचे कण सहसा मोठे असतात, नव्याने उगवलेलं इलाइट फार बारीक. मात्र इथे खलबत्ता वापरायचा नाही. कुटलं तर मोठे जुने कण फुटून बारीक वाट्यात घुसतील आणि सगळ्या हिशेबावर पाणी पडेल. म्हणून काही प्रयोगशाळा गाऊज पाण्यात भिजवून तो पुन्हा पुन्हा गोठवतात आणि वितळवतात; बर्फ फुगताना ढेकूळ आपोआप सुटं होतं आणि कण शाबूत राहतात. मग ते पाणी ढवळून स्थिर ठेवायचं. दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण पाण्यात पाच सेंटिमीटर खाली बसायला जवळपास चार तास घेतो, त्यामुळे चार तासांनी वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये जे तरंगत असतं ते सगळं दोन मायक्रॉनच्या आतलं. त्याहून बारीक वाटे पाडायला सेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुना गरागरा फिरवणारं यंत्र, लागतं. शेवटी ०.०५ मायक्रॉनपेक्षाही लहान कणांचा एक वाटा हाती येतो.

दुसरा प्रश्न उरतोच: प्रत्येक वाट्यात जुनं किती आणि नवं किती? अणू तेच, रासायनिक घटक जवळपास तेच, मग ओळखायचं कशावरून? पापुद्र्यांच्या रचनेवरून. इलाइटचे पापुद्रे एकावर एक बसताना प्रत्येक वेळी कोणत्या दिशेला वळून बसायचं याचे पर्याय असतात. जास्त उष्णतेत बनलेल्या अभ्रकात ही वळणं शिस्तीत असतात, एकाआड एक. थंड फॉल्टमध्ये घाईगडबडीत उगवलेल्या इलाइटमध्ये ती वेडीवाकडी पडतात. क्ष-किरण सोडले की शिस्तीतल्या रचनेची काही खास शिखरं आलेखावर उमटतात, विस्कळीत रचनेची उमटत नाहीत. शुद्ध जुन्या आणि शुद्ध नव्या खनिजाचे नमुना-आलेख संगणकावर वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून बघायचे, आणि कोणतं मिश्रण प्रत्यक्ष आलेखाशी जुळतं ते शोधायचं. हे प्रमाण काही टक्के इकडेतिकडे होतंच. अरगॉन मोजणारं यंत्र फार काटेकोर असतं. अंतिम तारखेतली बरीचशी अनिश्चितता या क्ष-किरणांच्या टप्प्यावर येते. निकालासमोरचा अधिक-उणे आकडा वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

बसच्या उदाहरणात मी एक गोष्ट सोपी केली आहे. खरं तर वय आणि टक्केवारी यांचा संबंध अगदी सरळ रेषेत नसतो. सरळ रेषेत असतं ते अरगॉन आणि पोटॅशियम यांचं गुणोत्तर, म्हणून शास्त्रज्ञ आधी ते मांडतात आणि शेवटी त्याचं वय करतात. शिवाय जुन्या आणि नव्या कणांमध्ये पोटॅशियम साधारण सारखं आहे असं गृहीत धरावं लागतं. तसं नसेल तर तेही दुरुस्त करावं लागतं.

ही युक्ती मुळात फॉल्टसाठी नव्हती. तेलाच्या शोधात शेलच्या थरांमधल्या इलाइटचा अभ्यास करताना एक्सॉन कंपनीतल्या डेव्हिड पिव्हियर यांनी १९९० च्या दशकात ती मांडली. थर कधी तापला हे कळलं की त्यातून तेल कधी सुटलं याचा अंदाज येतो, त्यामुळे कंपनीला त्यात रस. मिशिगन विद्यापीठाचे बेन व्हान डर प्लुइम, पिव्हियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच युक्ती लुईस थ्रस्टच्या कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातल्या गाऊजवर वापरली आणि २००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात निकाल छापला: सुमारे ५ कोटी २० लाख वर्षं.

या कामात आणखी एक अडथळा होता, आणि मला तो सगळ्यात गमतीचा वाटतो. अरगॉन मोजायची नवी रीत अशी की नमुना अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनचा मारा करायचा. त्याने नेहमीच्या पोटॅशियम-३९ मधला थोडा भाग अरगॉन-३९ होतो. मग पोटॅशियम वेगळं मोजावं लागत नाही, दोन्ही अरगॉन एकाच यंत्रात एकाच वेळी मोजता येतात. पण हा अरगॉन-३९ जन्मताना धक्का खातो आणि जवळपास ०.१ मायक्रॉन दूर फेकला जातो. वाळूच्या कणात हे अंतर नगण्य. इथे मात्र कणाची जाडीच त्याहून कमी! अरगॉन कणाबाहेर उडून जातो, पोटॅशियम कमी असल्याचं भासतं आणि वय फुगतं. यावर तोडगा असा निघाला की नमुना आधीच क्वार्ट्झच्या काचेच्या चिमुकल्या कुपीत निर्वात करून बंद करायचा, कुपीसकट अणुभट्टीत ठेवायचा, आणि नंतर कुपी फोडून आधी बाहेर सांडलेला वायू मोजायचा, मग कणांतला.

लुईस थ्रस्टच्या एका तारखेने गोष्ट थांबली नाही. याच गटाने कॅनडाच्या रॉकी पर्वतातल्या इतर फॉल्टचा गाऊज तपासला आणि २००६ मध्ये सांगितलं की तारखा विखुरलेल्या नाहीत, ७ कोटी २० लाख आणि ५ कोटी २० लाख वर्षांभोवती त्यांचे दोन घोळके होतात. म्हणजे हा पर्वत सावकाश, अखंड वर येत राहिला नाही. थोड्या काळात जोरात सरकला, मग थांबला, मग पुन्हा सरकला. आधीचं मत अखंड हालचालीचं होतं, त्यामुळे यावर आक्षेप आले. २०१५ मध्ये दिनू पाना आणि व्हान डर प्लुइम यांनी आणखी बऱ्याच फॉल्टच्या तारखा मांडल्या, तेव्हा घोळके चार झाले. सगळ्यात जुना ज्युरासिकच्या उत्तरार्धातला, म्हणजे साधारण १५-१६ कोटी वर्षांपूर्वीचा, मग सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि नंतर आधीचे दोन. प्रत्येक घोळक्याची तुलना त्यांनी पूर्वेच्या खोऱ्यात त्या-त्या काळी साचलेल्या गाळाशी केली. डोंगर उचलला की झीज वाढते आणि पायथ्याशी गाळ येतो. फॉल्टमधली माती आणि खोऱ्यातला गाळ हे दोन वेगळे पुरावे जुळतात तेव्हा तारखेवर विश्वास ठेवायला माझी हरकत नसते. नुसती रेषा सुंदर आली म्हणून ठेवू नये.

कारण रेषा फसवू शकते. ती दोन पिढ्या गृहीत धरते. फॉल्ट तीनदा सरकला असेल आणि प्रत्येक वेळी नवं इलाइट उगवलं असेल, तर तीन पिढ्या एका बसमध्ये बसलेल्या असतात. नॉर्वेच्या बम्लो बेटावर गोद्दो नावाचा एक फॉल्ट आहे. जुलिओ व्हिओला आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याचा फार बारकाईने अभ्यास केला. त्यांनी एकच मूठ न उचलता भेगेतले वेगवेगळे दिसणारे पट्टे वेगळे काढले आणि प्रत्येकाची सर्वांत बारीक वाट्यापर्यंत तारीख लावली. पर्मियन काळात, म्हणजे २५ कोटी वर्षांहूनही आधी, फॉल्ट तयार झाला, ज्युरासिकमध्ये पुन्हा सरकला. त्यानंतर क्रिटेशसच्या सुरुवातीला भरपूर नवी चिकणमाती तयार झाली, पण ती सरकण्यामुळे नव्हे. त्या काळात भेगेतून पाणी फिरलं, त्याने खडक सडवला आणि माती उगवली. आंधळेपणाने सगळ्यात तरुण आकडा घेऊन ‘फॉल्ट क्रिटेशसमध्ये सरकला’ म्हटलं असतं तर चुकलंच असतं. इलाइटची तारीख ही इलाइट उगवण्याची तारीख असते. ते सरकण्यामुळे उगवलं हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेल्या खडकाच्या निरीक्षणातून वेगळं सिद्ध करावं लागतं: पापुद्रे सरकण्याच्या दिशेला झुकलेत का, मातीचा पट्टा दळलेल्या खडकाला कापतो की त्याच्यात मिसळलाय, वगैरे. उलटही होतं. फॉल्ट जमिनीलगत, थंड अवस्थेत सरकला तर नवं इलाइट बनतच नाही आणि त्या हालचालीची नोंद या पद्धतीला दिसत नाही.

नमुना कुठून घ्यायचा हेही म्हणूनच महत्त्वाचं. उघड्यावरच्या भेगेत पावसापाण्याने बनलेली माती शिरलेली असते. बोगद्यातला गाऊज त्यापेक्षा ताजा. आल्प्सखालून रेल्वे बोगदे खणण्याच्या आल्पट्रान्झिट प्रकल्पात उघडे पडलेले फॉल्ट भूवैज्ञानिकांनी ही संधी साधून तपासले. फिनलंडमध्ये ओल्किलुओतो इथे अणुभट्ट्यांचा कचरा कायमचा पुरण्यासाठी खडकात खोल भुयारं खणली आहेत. तिथल्या भेगांच्या गाऊजच्या तारखाही लावल्या गेल्या, कारण तिथे लाखो वर्षांचा हिशेब करायचा तर जुन्या भेगा कितीदा जाग्या झाल्या हे आधी कळायला हवं.

आपल्याकडे असं काही करायचं म्हटलं तर बेसॉल्ट फारशी साथ देत नाही. त्यात पोटॅशियम कमी, आणि त्याच्या कोणत्याही भेगेत नुसत्या झिजेनेच स्मेक्टाइट तयार होतं. ते तिथे आहे म्हणून भेग सरकली असं म्हणता येत नाही. खालच्या ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी, कारण त्यात पोटॅशियमयुक्त फेल्स्पार भरपूर असतं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर त्या परिसरात धरणीकंप होतच राहिले, आणि त्यांचा अभ्यास करण्यासाठी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला संशोधन केंद्र उभारून ३ किलोमीटर खोल विवर खणलं. पहिल्या सव्वा किलोमीटरला बेसॉल्ट लागला, पुढे सगळा ग्रॅनाइटचा पाया. अशा पायातल्या भेगांमधलं इलाइट त्या भेगा पहिल्यांदा कधी जाग्या झाल्या ते सांगू शकतं. मात्र १९६७ ला जी भेग हलली तिच्याबद्दल ही पद्धत काही बोलणार नाही. पन्नास-साठ वर्षांत, किंवा अगदी पन्नास-साठ हजार वर्षांतही, इलाइटच्या कणात मोजण्याजोगा अरगॉन साठत नाही. तेवढ्या अलीकडच्या हालचालींसाठी चर खणून मातीचे थर बघायचे, त्यातल्या कोळशाचं कार्बन-१४ वय काढायचं किंवा गाळातली वाळू शेवटचा सूर्यप्रकाश कधी पाहून पुरली गेली ते मोजायचं.